पाच डॉलरची कात्री

१ सप्टेंबर १९९८ रोजी 'टायटॅनिक' अमेरिकेत व्हीएचएसवर आला. सिनेमा सव्वातीन तासांचा, त्यामुळे कॅसेटी दोन. युटा राज्यात अमेरिकन फोर्क नावाचं गाव आहे. तिथल्या सनराइज फॅमिली व्हिडिओ या दुकानाने गिऱ्हाइकांना सांगितलं, तुमची कॅसेट घेऊन या, पाच डॉलर द्या, आम्ही त्यातले दोन प्रसंग काढून देतो. एक म्हणजे जॅक रोझचं नग्न चित्र काढतो तो. दुसरा म्हणजे जहाजाच्या पोटात ठेवलेल्या मोटारीतला. मागणी एवढी आली की या गावच्या दुकानाची बातमी देशभर झाली.

गाव मॉर्मन वस्तीचं. त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव लांबलचक आहे, 'येशू ख्रिस्ताचं अंतिम दिवसांतील संतांचं चर्च'. 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळून पूर्ण नाव घ्यावं, अशी विनंती चर्चने २०१८ मध्ये केली. इथे ओळखीचा शब्द म्हणून 'मॉर्मन' वापरते, त्यात हेटाळणी नाही. मला जिवापाड आवडणाऱ्या सिनेमांपैकी बरेच सिनेमे श्रद्धाळू मॉर्मन माणसाला दुखावतील असे आहेत. पण ते सगळे एकाच कारणाने दुखावत नाहीत. एक दुखणं कात्रीने काढता येतं, निदान काढल्यासारखं वाटतं. दुसऱ्याला कात्री लागूच शकत नाही. हा फरक न ओळखता 'त्या लोकांना काही चालत नाही' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

आधी कात्रीचं बघू. व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद असते आणि अमेरिकी पद्धतीत सेकंदाला साधारण ३.३ सेंटिमीटर सरकते. चित्र तिच्यावर सरळ रेघेत उमटलेलं नसतं. फिरत्या ड्रमवरची हेडं, म्हणजे टेप लिहिणारी-वाचणारी चुंबकीय टोकं, ते तिरप्या रेघांत उमटवतात आणि एकेक रेघ टेपवर जवळजवळ दहा सेंटिमीटर पसरते. त्यामुळे आडवा काप घेतला की एका फटक्यात दीडशेच्या वर रेघा तुटतात. जोड ड्रमवर आला की पडद्यावर दोन-तीन सेकंद मुंग्या येतात आणि चित्र लोळतं. आवाजाची साधी पट्टी टेपच्या कडेला सरळ असते, पण तिचं हेड ड्रमच्या काही सेंटिमीटर पुढे बसवलेलं असतं. त्यामुळे चित्र आणि त्याचा आवाज टेपवर एकाच जागी नसतात. चित्र बघून कापलं तर वाक्य भलतीकडेच तुटतं. जोडपट्टी टेपच्या पाठीला लावायची. ती चुंबकीय बाजूला लागली तर गोंद हेडवर बसतो आणि नंतरची प्रत्येक कॅसेट खराब दिसते.

हे सगळं हातखंड्याने जमवलं तरी 'टायटॅनिक'मधून काय जातं ते बघा. वृद्ध रोझ त्या संशोधन-जहाजावर येते कशासाठी? समुद्राच्या तळातल्या तिजोरीतून मिळालेलं चित्र तिने टीव्हीवर पाहिलं म्हणून. चित्रावर तारीख १४ एप्रिल १९१२, म्हणजे जहाज हिमनगावर आपटलं तो दिवस. सगळी गोष्ट त्या कागदाच्या खुंटीला टांगलेली आहे. पुढे तेच चित्र ती चिठ्ठीसकट होणाऱ्या नवऱ्याच्या तिजोरीत ठेवते: आता आम्हा दोघींना कुलपात ठेव. तिने त्याच्या तोंडावर फेकलेला तो पहिला नकार आहे. चित्र काढण्याचा प्रसंग काढला की सुरुवातीला कागद दिसतो, शेवटी तिजोरी दिसते आणि मधे रोझने स्वतःहून घेतलेला निर्णय तेवढा नाहीसा होतो. पडद्यावर कोळशाने रेघा ओढणारा हात दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांचा आहे. ते डावखुरे आहेत, म्हणून तो शॉट उलटा करून वापरला. त्या हाताचा कंप, रोझची अवघडलेली नजर, मग सैल होत गेलेले खांदे. तो प्रसंग शरीराचा कमी आणि विश्वासाचा जास्त आहे.

'टायटॅनिक'चं अमेरिकी प्रमाणपत्र 'पीजी-१३' होतं हेही इथे सांगायला हवं. मॉर्मन घरांत ज्या अक्षराची धास्ती होती ते 'आर'. ही अक्षरांची पद्धत नोव्हेंबर १९६८ मध्ये सुरू झाली. 'आर' म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी पालक किंवा सज्ञान पालनकर्त्यासोबतच यायचं. 'पीजी-१३' १९८४ मध्ये आलं, 'एनसी-१७' १९९० मध्ये. एप्रिल १९८६ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी सर्वसाधारण परिषदेत 'आर' सिनेमे बघू नका असं सांगितलं. ते भाषण किशोरवयीन मुलांना उद्देशून होतं. पण मॉर्मन श्रद्धेत चर्चचा अध्यक्ष हा संदेष्टा मानला जातो. मुलांना सांगितलेली गोष्ट घराघरांत मोठ्यांनीही पाळायला सुरुवात केली आणि 'आर' हे एक कुंपण होऊन बसलं. तरुणांसाठी चर्च जी मार्गदर्शक पुस्तिका काढतं तिच्या नंतरच्या आवृत्त्यांनी अक्षराऐवजी आशयाकडे बोट दाखवलं, आणि २०२२ च्या आवृत्तीने तर तपशीलवार मनाईच्या याद्या बाजूला ठेवून तत्त्वं दिली. तरीही जुनं कुंपण पुष्कळ घरांत अजून शाबूत आहे.

हे अक्षर नेमकं मोजतं काय? लैंगिक अर्थाची एक विशिष्ट इंग्रजी शिवी केवळ उद्गार म्हणून एकदा आली तर सिनेमा 'पीजी-१३' राहू शकतो. एकाहून जास्त वेळा आली की 'आर', मग सिनेमा कोणताही असो. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळातल्या दोनतृतीयांश सदस्यांनी खास मत दिलं तरच सूट. माणसं मेली किती हे मात्र असं आकड्यांत मोजलं जात नाही. म्हणून शहरंच्या शहरं उद्ध्वस्त करणारा सिनेमा कुंपणाच्या आत येतो आणि 'शिंडलर्स लिस्ट' बाहेर राहतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'द किंग्ज स्पीच' (२०१०). त्यात ना रक्त, ना शय्यादृश्य. तोतरा राजपुत्र, पुढे सहावा जॉर्ज झालेला बर्टी, आणि त्याला बोलायला शिकवणारा ऑस्ट्रेलियन लायनेल लोग. तरी प्रमाणपत्र 'आर', कारण भाषा. लोगच्या लक्षात येतं की रागावला की बर्टी अडखळत नाही. तो त्याला मुद्दाम शिव्या द्यायला लावतो. आधी सौम्य, मग ती सर्वांत वर्ज्य मानलेली, एकामागून एक. बर्टीचे डोळे विस्फारतात, मान ताठ होते, आणि एवढा वेळ घशात अडकलेली वाक्यं सुटी होतात. १९३९ च्या युद्धघोषणेच्या भाषणाची तालीम चालते तेव्हाही त्याच शिव्या टेकू म्हणून परत येतात. इथे शिवी म्हणजे औषध आहे.

ऑस्कर मिळाल्यावर १ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेत याच सिनेमाची 'पीजी-१३' आवृत्ती लागली. त्यात काही शिव्यांचा आवाज बंद केला होता. म्हणजे ज्या क्षणी राजाची जीभ पहिल्यांदा मोकळी होते, नेमक्या त्याच क्षणी तो मुका होतो. ओठ हलतात, शब्द नाही. तोतऱ्या माणसाच्या गोष्टीत याहून उलटा परिणाम दुसरा नाही. एक शब्द गाळल्याने काय बिघडतं असं विचारणाऱ्याला मी हाच प्रसंग दोन्ही प्रकारे बघायला सांगेन.

व्हीएचएसनंतर कात्री संगणकात गेली. युटामध्ये २००० साली क्लीनफ्लिक्स ही कंपनी निघाली. तिची पद्धत न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेली आहे. आधी मूळ डीव्हीडी विकत घ्यायची. तिचं संरक्षण-कुलूप तोडून सिनेमा हार्ड डिस्कवर उतरवायचा. नको ते काढायचं. गेलेल्या शब्दाच्या जागी आजूबाजूचा आवाज भरायचा. दृश्याची कड छाटायची, त्यावर धुकं टाकायचं किंवा काळी पट्टी मारायची. दोन तुकड्यांचा सांधा दिसू नये म्हणून चित्र आणि आवाज एकमेकांत मिसळायचे. मग कोऱ्या डीव्हीडीवर उतरवून द्यायचं. विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे एक मूळ प्रत विकत घेतलेली असे, म्हणून स्टुडिओचं नुकसान नाही, असा त्यांचा दावा. २००२ मध्ये वाद कोर्टात गेला. समोर १६ दिग्दर्शक: सोडरबर्ग, स्पीलबर्ग, स्कॉर्सेसी आणि युटामध्येच सनडान्स हा सिनेमा-महोत्सव उभा करणारे रॉबर्ट रेडफर्ड. ६ जुलै २००६ रोजी कोलोरॅडोचे न्यायाधीश रिचर्ड मॅच यांनी निकाल दिला की ही बेकायदा नक्कल आहे. मूळ प्रत कपाटात ठेवली म्हणून दुसरी प्रत करण्याचा हक्क मिळत नाही.

दरम्यान एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला होता. त्याचं सार असं: घरातल्या घरात, अधिकृत प्रतीवरून, सिनेमाचे मर्यादित भाग ऐकू-दिसू न देण्याची सोय करता येईल, पण बदललेली कायमची प्रत तयार होता कामा नये. सॉल्ट लेक सिटीच्या क्लिअरप्ले या कंपनीची यंत्रं याच वाटेने चालत होती. डीव्हीडी जशीच्या तशी. सोबत वेळांची एक यादी. अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत उडी मार, अमुक ठिकाणी आवाज बंद कर. ही कल्पना मला मनापासून आदराची वाटते. सिनेमा शाबूत राहतो आणि कात्री घरच्यांच्या हातात. आपल्याकडे सेन्सॉर मंडळ आधी कापतं, मग सगळा देश तेच बघतो. २०२४ च्या नियमांनी यूए-चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन गट झाले तरी सुचवलेली काटछाट सगळ्यांसाठी एकच. तिथे काय गाळायचं हे घरातला माणूस ठरवतो आणि शेजाऱ्याच्या पडद्याला धक्का लागत नाही.

पण यादीवर चालणारी गाळणी कुठे फसते ते माहीत हवं. डीव्हीडीवर चौकटी (फ्रेम) सुट्या नसतात, साधारण अर्ध्या सेकंदाच्या गठ्ठ्यांत असतात. उडी गठ्ठ्याच्या सुरुवातीला सोयीची पडते, त्यामुळे नको ते दृश्य कणभर चमकून जातं किंवा पुढचं निरागस वाक्य अर्धं कापलं जातं. अमेरिकी डिस्कसाठी केलेली यादी युरोपातल्या पाल पद्धतीच्या डिस्कला लावली तर सगळंच चुकतं. तिथे २४ चौकटींचा सिनेमा सेकंदाला २५ ने पळतो, आणि तासाभराच्या सिनेमात २ मिनिटं २४ सेकंदांचा फरक पडतो. आवाजाचं आणखी वेगळं. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्या मिश्रणात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरवर असतात. तेवढाच बंद केला तर पाऊस, गर्दी, संगीत दोन्ही बाजूंनी चालू राहतं आणि खड्डा जाणवत नाही. टीव्हीच्या दोनच स्पीकरांवर सगळा आवाज बंद होतो आणि खोलीत एकदम शांतता. त्यात सबटायटल चालू असेल तर गाळलेली शिवी खाली ठसठशीत अक्षरांत. गाळणी लावणाऱ्याने सबटायटल आधी तपासावं.

युटामधल्याच प्रोव्होच्या व्हिडएंजल या कंपनीचं प्रकरण शिकण्यासारखं आहे. ते गिऱ्हाइकाला २० डॉलरला डिस्क 'विकत', गाळणी लावून सिनेमा इंटरनेटवरून दाखवत आणि दुसऱ्या दिवशी १९ डॉलरला परत घेत. साध्या प्रतीचा रात्रीचा खर्च एक डॉलर, एचडीचा दोन. गिऱ्हाइकाने निदान एक गाळणी लावायलाच हवी, असा नियम. जून २०१६ मध्ये डिस्नी, लुकासफिल्म, फॉक्स आणि वॉर्नर कोर्टात गेले. अडलं ते कायद्यातल्या 'अधिकृत प्रतीवरून' या शब्दांपाशी. पडद्यावर जे वाहत येत होतं ते गिऱ्हाइकाच्या डिस्कमधून नव्हे, तर कंपनीने कुलूप तोडून केलेल्या फाइलमधून. २०१९ मध्ये ज्युरीने ८१९ सिनेमांपोटी ६ कोटी २४ लाख डॉलरची भरपाई ठरवली; २०२० मध्ये ९९ लाखांवर, १४ वर्षांच्या हप्त्यांनी, तडजोड झाली. त्यानंतर गाळणी नेटफ्लिक्स, ॲमेझॉनच्या प्रवाहावर वरून बसवायची वेळ आली. त्यात मूळ सेवेने सिनेमाच्या आधी दोन सेकंदांचं बोधचिन्ह वाढवलं तरी सगळ्या वेळा सरकतात, भलताच शब्द मुका होतो आणि नको तो घुमतो.

आता दुसरं दुखणं, ज्याला वेळांची यादी पुरत नाही.

मॉर्मनांच्या रविवारच्या प्रार्थनेला कुणीही जाऊ शकतं. टेम्पल वेगळं. ते अर्पण झाल्यावर आत फक्त पात्रतेचं ओळखपत्र मिळालेले सदस्य जातात. तिथे काही व्रतं घेतली जातात, आणि तेव्हापासून कपड्यांच्या आत एक साधं पांढरं दोन भागांचं वस्त्र घातलं जातं, घेतलेल्या वचनाची आठवण म्हणून. बाहेरचे लोक त्याला 'जादूची चड्डी' म्हणून हसतात. २०१४ मध्ये चर्चने स्वतः व्हिडिओ काढून हे कपडे दाखवले आणि सांगितलं की ख्रिस्ती ननचा झगा, बौद्ध भिक्खूचं चीवर यांना जो मान देता तोच याला द्या. गाभाऱ्यात फोटो काढू नका ही पाटी पाहत वाढलेल्या माणसाला ही विनंती समजायला जड जाऊ नये. देव लपवायचा नसतो, तो तमाशाचा विषय करायचा नसतो.

म्हणून मार्च २००९ मध्ये एचबीओच्या 'बिग लव्ह' मालिकेत टेम्पलमधला विधी दाखवला गेला, तेव्हा त्यात नग्नता नव्हती, शिवी नव्हती, तरी श्रद्धाळू माणसं कळवळली. एचबीओने दिलगिरी व्यक्त केली आणि भाग दाखवलाच. विधी आदराने दाखवला होता हे खरं. पण जे पाहण्यासाठी माणूस वर्षानुवर्षं तयारी करतो ते जाहिरातीच्या झलकेसारखं आलं, हे दुखणं मला खरं वाटतं. याउलट 'सप्टेंबर डॉन' (२००७) मला आवडतच नाही. ११ सप्टेंबर १८५७ ला दक्षिण युटात माउंटन मेडोजला आर्कान्सामधून निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची मॉर्मन सैनिकांनी कत्तल केली, हा इतिहास आहे. पण चर्चचा तेव्हाचा अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यानेच थेट हुकूम दिला असं ठोकून सांगताना सिनेमा इतिहासकारांच्या वादाला बगल देतो. एवढ्या जबर विषयाला पुराव्याची शिस्त हवी होती.

'हेरेटिक' (२०२४) मात्र आवडता. सिस्टर बार्न्स आणि सिस्टर पॅक्स्टन या दोन तरुण मिशनरी मि. रीडच्या दारात येतात. घरात दुसरी बाई असल्याशिवाय आत येता येणार नाही, हा त्यांचा नियम त्या नम्रपणे सांगतात. रीड झालेला ह्यू ग्रँट गोड हसून म्हणतो, बायको आत ब्लूबेरी पाय करतेय. वासही येतो. बऱ्याच गप्पांनंतर बार्न्स टेबलावरची मेणबत्ती फिरवते. लेबलावर लिहिलंय: ब्लूबेरी पाय. तेवढ्या एका लेबलाने पोटात गोळा येतो. नियम बाळबोध नव्हता, तोच त्यांची ढाल होता, आणि रीडने घाव घातला तो नेमका त्या ढालीवर. सिनेमाच्या सुरुवातीला काही पोरं पॅक्स्टनचा स्कर्ट ओढतात, ते आतलं वस्त्र बघायला. कॅमेरा तिची फजिती बघत नाही, तिचा चेहरा बघतो. दोन्ही भूमिका केलेल्या सोफी थॅचर आणि क्लोई ईस्ट मॉर्मन घरांत वाढलेल्या आहेत. बोलण्यातला तो अति-सौजन्याचा सूर उगाच आलेला नाही.

प्रमाणपत्र 'आर', रक्तासाठी. रक्त गाळणीने निघेल. पण सिनेमाचा खरा घाव म्हणजे रीडचं ते लांबलचक बोलणं: मोनोपोली या बैठ्या खेळाच्या पाट्या मांडून, एकमेकांवर बेतलेली गाणी वाजवून तो सांगतो की तुमचा धर्म ही आधीच्या धर्माची नक्कल आहे. एकही शब्द वर्ज्य नाही. कुठून कुठपर्यंत गाळायचं? तळघरात शिरल्यावर सिनेमा चारचौघांसारखा भयपट होतो, पहिला तास मात्र पुन्हा पुन्हा बघण्यासारखा. आणि प्रार्थनेने रोग बरा होत नाही हे माहीत असूनही दुसऱ्यासाठी प्रार्थना करणं सुंदर आहे, हे पॅक्स्टनचं म्हणणं सिनेमा खोडत नाही.

श्रद्धाळू मॉर्मन मित्रांबरोबर सिनेमा ठरवायचा असेल तर अक्षरापुढची ओळ वाचा. 'भाषा', 'हिंसा', 'नग्नता' असं लिहिलं असेल तर गाळणीचा उपयोग होईल की नाही ते ठरवता येतं. कथेत टेम्पल, आतलं वस्त्र किंवा मिशनरीच्या श्रद्धेची उलटतपासणी असेल तर ते आधी तोंडाने सांगा, आणि नकार आला तर दुसरा सिनेमा लावा. 'एंजल्स इन अमेरिका' (२००३) मी असाच आधी सांगून सुचवेन. माइक निकोल्स यांची ही सहा तासांची एचबीओ मालिका टोनी कुशनर यांच्या नाटकावरची. तिच्यात दोन्ही दुखणी आहेत: शरीरं, शिव्या, एड्स, आणि समुद्रकिनाऱ्यावर ते पवित्र वस्त्र अंगातून काढून टाकणारा मॉर्मन वकील जो पिट. जो समलिंगी आहे. रात्री फोनवर आईला ते सांगतो तेव्हा ती त्याला घरी जा म्हणते, आणि मग सॉल्ट लेक सिटीतलं घर विकून न्यूयॉर्कला येते. ही हॅना पिट मेरिल स्ट्रीपने केली आहे. ताठ मान, आवळलेले ओठ, हातात पर्स. न्यूयॉर्कच्या मॉर्मन केंद्रात तिला भेटतो प्रायर, एड्सने खंगलेला, मुलाच्या जगातला, तिच्या दृष्टीने सर्वस्वी परका. ती त्याला दवाखान्यात नेते आणि त्याच्या उशाशी थांबते. शेवटच्या प्रसंगात १९९० ची थंडी आहे, सेंट्रल पार्कातलं बेथेस्डाचं कारंजं, वर ब्राँझचा देवदूत. प्रायर जिवंत आहे, काठी टेकत उभा, आणि त्याच्या मित्रांमध्ये हॅनाही आहे. जेरुसलेममधल्या मूळ झऱ्याची गोष्ट निघते. तिचा शेवट हॅना सांगते: तो झरा पुन्हा वाहील तेव्हा ती त्याला तिथे घेऊन जाईल.